डावं पुढचं चाक

दाजी, तुमच्या तेराव्याच्या पंगती उठल्या आणि त्याच संध्याकाळी मोटार अड्ड्यावर लोकांनी तुमचा निकाल लावून टाकला. "मिस्त्रीचा हात चुकला." मी माझ्या कानांनी ऐकलं. बोलणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं तुमच्याच हातून दोनदा ब्रेक करून घेतले होते आणि बोलताना तो हळहळतही होता. उमरग्याचे ट्रकवाले ज्या माणसासाठी धाराशिवपर्यंत वाट वाकडी करतात, त्याच्याच मोटारीनं रामलिंगच्या उतारावर दगा द्यावा, याचं त्याला नवल वाटत होतं. शेवटी तो म्हणाला, "वय झालं की हात चुकतोच." तुमचं वय अठ्ठेचाळीस. मी तिथंच पानपट्टीच्या फळीला टेकून उभा होतो. मी म्हणजे तुमचा मेहुणा, बेंबळीच्या शाळेचा मास्तर, दिवसभर पोरांना खरं बोला म्हणून सांगणारा. मी काही बोललो नाही. पान घ्यायला गेलो होतो, तेही न घेता परत आलो.

तुमचा हात चुकला नव्हता. हे धाराशिवात एकट्या मलाच पक्कं ठाऊक होतं, कारण चूक माझ्या हातची होती. तुम्ही दवाखान्यात मला सरळ विचारलंत, तेव्हा मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. आता लिहितोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं, सही तेवढी यायची, तीही निजामाच्या काळात शिकलेली उर्दूतली. वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचो आणि तुम्ही मध्येच "मास्तर, हे तुमच्या पदरचं हाय का छापलेलं?" म्हणून विचारायचात. हे सगळं माझ्या पदरचं आहे, दाजी.

बेगम अजून तुमच्या दारात उभी आहे. मोटारीला बेगम हे नाव लोकांनी ठेवलं. जहागीरदारानं बायकोसाठी घेतलेली ती विलायती मोटार. निजामी गेली, जहागीरदार हैदराबादला गेले आणि मोटार तबेल्यात कोंबड्यांच्या ताब्यात आली. तुम्ही त्यांचे ड्रायव्हर. जाताना ते म्हणाले, तुला चालत असली तर ने. तुम्ही ती बैल लावून घरी आणलीत आणि आठ महिने तिच्या पोटाखाली झोपून काढलेत. आक्का म्हणायची, माझी सवत आली ती पण मुकाट्यानं बसून खाणारी. मग एक दिवस ती चालली, आणि येडशी स्टेशनावर उतरलेल्या माणसांना रामलिंगाला, धाराशिवला, तुळजापूरला पोचवायला लागली. जहागीरदाराच्या बायकोच्या गादीवर गठुडी आणि कोंबड्या बसल्या.

तिचे ब्रेक जुन्या तऱ्हेचे. नव्या ट्रकांत पायाचा जोर तेलातून चाकापर्यंत जातो. बेगमच्या पोटाखालून चार चाकांना चार सळया गेलेल्या. पेडल दाबलं की सळई ओढली जाते. चाकाच्या आत लोखंडी ड्रम, ड्रमच्या पोटात चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, त्यांना शू म्हणायचं, आणि त्या शूंवर लायनर, म्हणजे घासायचा जाड पट्टा, रिव्हेट मारून बसवलेला. सळई ओढली की शू फाकतात, लायनर आतून ड्रमला धरतो, चाक थांबतं. हे तुम्ही मला वीसेक वेळा तरी समजावलं असेल. मला कळायचं, पण तुम्हाला समजावताना बघायला बरं वाटायचं म्हणून मी परत विचारायचो. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

चार सळया म्हणजे चार भावांचा संसार. एक जास्त ओढते, एक कमी. ब्रेक लावायचा आणि मोटार उजवीकडं नाहीतर डावीकडं पळायची. म्हणून दर पंधरा दिवसांनी तुमच्या अंगणात तो तमाशा व्हायचा. चारी चाकं ठोकळ्यांवर उचललेली, तुम्ही खाली बसलेले, आणि ड्रायव्हरच्या जागी माझी आक्का, पदर खोचून, पाय पेडलवर. तुम्ही "एक" म्हणालात की तिनं पेडल नुसतं अंगठ्यानं दाबायचं. "दोन" म्हणजे अर्धा पाय. "तीन" म्हणजे अंगातलं सगळं वजन. एकला चाक हातानं फिरवलं तर आत नुसतं खसखसलं पाहिजे. दोनला दोन्ही हात लावावे लागले पाहिजेत. तीनला माणूस लोंबकळला तरी हलता कामा नये. जे चाक आधी धरेल त्याची सळई ढिली करायची, जे मागं राहील त्याची आवळायची, की पुन्हा एक, पुन्हा दोन. निम्मा दिवस जायचा. शेजारच्या बायका हसायच्या आणि आक्का त्यांना वरून म्हणायची, "हसा. मोटार थांबती ती माझ्या पायानं."

एवढ्यावर तुमचं भागायचं नाही. उतार उतरून आलात की चारी ड्रमांना हाताची पाठ लावून बघायचात. जो जास्त तापला तो उगीच घासतोय, जो गार राहिला तो काम टाळतोय. एकदा उमरग्याचा एक ट्रकवाला आला. ब्रेकचं सगळं सामान नवं टाकलं तरी गाडी ओढते म्हणून रडकुंडीला आलेला. तुम्ही पाना हातात न घेता ट्रकभोवती एक फेरी मारली, मागच्या एका चाकाच्या आतल्या अंगाला बोट फिरवलं, नाकाला लावलं आणि म्हणालात, "तेल गळतंय आत. कोरडं करा, मग मला शिव्या द्या." मी ते बघत होतो. माझ्या वर्गात असं बोट लावून कुणाचं काय चुकतं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

आता आपल्या भांडणाचं. ते आपण अर्धवट टाकलं आणि त्यातच सगळं आहे.

मी गाडीवानाच्या घरात वाढलो. आमच्या आबांच्या बैलगाडीखाली वंगणाची नळी टांगलेली असायची, आणि चाक करकरलं की मला खाली उतरवून कण्याला वंगण घालायला लावायचे. कोरडं चाक म्हणजे घराण्याची अब्रू गेली. कुणाची गाडी करकरत गावात आली तर आबा ओसरीवरून म्हणायचे, ह्याच्या घरात तेल नाही का बाई नाही? ते माझ्या हाडात गेलंय. त्यामुळे तुम्ही बेगमच्या चाकात बोटभर ग्रीस भरायचात आणि बाकीचं डब्यात परत ठेवायचात, ते मला बघवायचं नाही. मी म्हणायचो, दाजी, चिक्कूपणा कशाला, भरा की. तुम्ही हसायचात. एकदा मात्र चिडलात आणि पाना खाली ठेवून म्हणालात, "मास्तर, बैलगाडी थांबवायचं काम बैल करतो. हिला थांबवायचं काम चाकच करतं. म्हणून हिचं चाक आत बेअरिंगला ओलं पाहिजे आणि चार बोटांवर, लायनरला, खडखडीत कोरडं. मधी दाबलेल्या लोकरीची, नमद्याची, एक कडी हाय, बास. ग्रीस जास्त झालं आन चाक तापलं, तर ती कडी काय त्याला अडवती?" मी म्हणालो, एवढ्यानं काय होतंय. तुम्ही म्हणालात, "एक दिवस तुमी मला मारणार." आणि आपण दोघं जेवायला बसलो. आक्कानं बाजरीची भाकरी केली होती.

हे वाक्य तुम्ही गमतीनं बोललात हे मला ठाऊक आहे. पण आता ते रोज ऐकू येतं, कधी वर्गात, कधी विहिरीवर, आणि दर वेळी तुम्ही ते थोडं वेगळ्या आवाजात म्हणता. परवा तर फळ्यावर लिहिताना तुम्ही माझ्या मागंच बोललात असं वाटून मी वळलो. पोरं माझ्याकडं बघत होती. मी त्यांना उगाच पाढे म्हणायला लावले.

श्रावणातला तो आइतवार. सोमवारी सकाळी बेगम येडशीला लागणार होती. बार्शीकडच्या एका घरच्या पाच बायका रामलिंगाच्या दर्शनाला येणार होत्या. तुम्ही एका ट्रकच्या कामाला उमरग्याला गेलेले, मुक्कामी. आदल्या दिवशी, शनिवारी, तुम्ही आणि आक्कानं ब्रेक करून ठेवले होते. मी सुट्टी म्हणून आलो होतो. बेगम अंगणात जरा मागंपुढं सरकवली तर डावं पुढचं चाक किरकिरलं. आबांची गाडी किरकिरावी तसंच. मला राहवेना. मी जॅक लावला, चाक काढलं, ड्रम ओढून काढला, आतली धूळ फुंकली आणि बेअरिंगभोवती, हबच्या म्हणजे चाकाच्या मधल्या नळकांड्याच्या पोटात, बसेल तेवढं ग्रीस भरलं. अर्धा डबा गेला असेल. बोटानं दाबून दाबून भरलं. पुन्हा बसवलं, फिरवलं, आवाज बंद. किरकिर होती ती धुळीची, धूळ झटकल्यावर ती तशीही थांबणारच होती. पण मला वाटलं, बघा, अखेर माझंच खरं. केवढा आनंद झाला म्हणून सांगू. आक्का दारातून म्हणाली, "काय करतूस रे?" मी म्हणालो, "काही नाही, पुसतोय." तुम्हाला न सांगता केलेलं तिला कळू नये एवढंच मनात होतं. उद्या तुम्ही आलात, चाक गप्प आहे म्हणालात, की मग सांगणार होतो आणि जिंकणार होतो.

तुम्ही पहाटेच्या ट्रकनं आलात, अंगणात चहा प्यायलात आणि तसेच बसलात मोटारीत. मी शाळेला निघालो होतो. तुम्ही हात केलात. मी सांगणार होतो, पण बायका स्टेशनावर खोळंबतील म्हणून तुम्ही घाईत होतात. खरं तर घाई एवढी नव्हती. चार शब्द मावले असते.

पुढचं त्या बायकांनी सांगितलं. येडशीहून रामलिंगला उतरताना पहिल्या दोन वळणांना मोटार नीट थांबत होती. तिसऱ्या वळणाआधी तुम्ही ब्रेक दाबला आणि ती उजवीकडं, दरीच्या अंगाला ओढायला लागली. तुम्ही पाय उचलला, सरळ केली, पुन्हा दाबला, पुन्हा उजवीकडं. त्यांच्यातली म्हातारी म्हणाली, "मिस्त्री म्हणला, बायांनो, एकमेकीला धरा. आन ब्रेक सोडूनच दिला बघ त्यानं. गाडी डाव्या दरडीत घातली." म्हणजे तुम्हाला कळलं होतं. ब्रेक लावावा तर उजवं चाक एकटं धरतंय, डावं धरतच नाही, मोटार दरीत जाणार. न लावावा तर वेग वाढणार. एवढ्याशा वेळात तुम्ही ठरवलंत की दरीपेक्षा दरडीचा मुरूम बरा. पाचही बायका वाचल्या. एकीचा हात मोडला, बाकीच्यांना खरचटलं. स्टिअरिंग तुमच्या छातीत बसलं. अड्ड्यावरच्या लोकांनी यातलं एवढंच उचललं, की मिस्त्रीनं ब्रेक सोडून दिला.

तुम्ही धाराशिवच्या दवाखान्यात तीन दिवस होतात. दुसऱ्या दिवशी तुम्ही बोलायला लागलात, चहा मागितलात, मला वाटलं संकट टळलं. आक्का उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि म्हणालात, "मास्तर, येडशीला जावा. डावं पुढचं खोलून बघा. लायनर कसा हाय त्यो बघून या."

गेलो. मोटार रस्त्याकडेला आणून लावली होती, कुणाच्या तरी बैलांनी ओढून. काय दिसणार ते मला नट काढण्याआधीच माहीत होतं. ड्रम निघाला. लायनर काळा, ओला, बोट लावलं तर घसरत होतं. दोन वळणांत ड्रम तापला, माझं ग्रीस पाणी झालं, नमद्याची कडी ओलांडून आत उतरलं. तुम्ही सांगितलं होतं तसंच, शब्द न चुकता. मी तिथंच मातीत बसून राहिलो. मग वाटेवरच्या एका घरून घासलेट मागून हात धुतले. मातीनं धुतले. पुन्हा घासलेटनं धुतले.

परत आलो तेव्हा तुम्ही जागे होतात. "कसा हाय लायनर?"

मी म्हणालो, "कोरडा आहे, दाजी. खडखडीत."

का म्हणालो? आक्का शेजारी होती. तिच्यासमोर ते माझ्या तोंडातून निघेना. आणि मला वाटलं, तुम्ही बरे होणारच आहात, अंगणात बसून सांगू, तुम्ही मला पान्यानं बडवाल, मी बडवून घेईन. त्या शिव्यांची मी मनातल्या मनात तयारीसुद्धा केली होती. तुम्ही मरणार हे माझ्या हिशोबातच नव्हतं.

तुम्ही माझ्या हातांकडं बघितलंत. नखांत काळं राहिलं होतं का? घासलेटचा वास तर येतच असणार, तुमच्या नाकाला तर नक्कीच. बराच वेळ बघितलंत. मग डोळे मिटून म्हणालात, "म्हंजी उजवी सळई म्याच जास्त आवळली. माझंच चुकलं." आणि थोड्या वेळानं, "बरं झालं बघून आलात."

दाजी, तुम्हाला कळलं होतं का? याच एका प्रश्नानं मला पोखरलंय. कळलं असेल तर तुम्ही आक्कासमोर मला वाचवलंत आणि स्वतःच्या नावावर डाग घेऊन गेलात. कळलं नसेल तर त्याहून वाईट. ज्या हातांचा तुम्हाला अभिमान होता, त्यांनीच दगा दिला असं मानून तुम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गेलात. दोन्हींतलं काय खरं असावं असं वाटतं, हे मी स्वतःला विचारतो आणि उत्तर रोज बदलतं. मोटारीत बसलो की माझा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला जातो. शेजारचे विचारतात, मास्तर, पाय दुखतो का? व्हय म्हणतो.

आणि मला तुमचं चांगलं तेवढंच का आठवतं? मी नोकरीला लागलो तो दिवस. मी उर्दूत शिकलेला, आणि एकाएकी मराठी शाळेत मास्तर. जोडाक्षरं लिहिताना माझी मलाच लाज वाटायची. बेंबळीला पायी गेलो तर गाव हसेल, म्हणून तुम्ही बेगम धुऊन पुसून काढलीत, मला मागच्या गादीवर बसवलंत, स्वतः उतरून दार उघडलंत आणि चावडीसमोर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "उतरा, साहेब." गाव आठवडाभर मला सलाम करत होतं. लहानपणी मला अरेतुरे करणारे तुम्ही, त्या दिवसापासून मला अहोजाहो करायला लागलात. आधी चेष्टेनं, मग सवयीनं. तुम्ही नसता तर मी त्या शाळेत महिनाभर टिकलो नसतो. हे तुम्हाला एकदा तरी सांगायला हवं होतं.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलोच नाही, तुमच्या घरी आलो. आक्का नळावरून घागर घेऊन आली होती. तिथंही तेच ऐकून आली होती, हात चुकला, हात चुकला. घागर ठेवली आणि म्हणाली, "मला कुणीच इचारीना. शनवारी पेडलवर म्या पाय ठिवला हुता. चारी चाकं सारखी धरत हुती. तीन म्हणलं तवा हे डाव्या फुडच्या चाकाला लोंबकळले, तरी चाक हललं न्हाय. मग सोमवारी काय झालं त्याला?"

मी घागर उचलून आत न्यायला लागलो.

"आइतवारी तू त्ये चाक खोललं हुतंस."

मी सगळं सांगितलं. ग्रीस, येडशी, लायनर, दवाखाना. आक्कानं मध्ये एकदाही थांबवलं नाही. रडली नाही. संपल्यावर मी तिच्या पाया पडायला वाकलो तर तिनं पाय मागं घेतले. म्हणाली, "मला का सांगतूस? म्या तर त्येंचा हात चुकला म्हणले न्हवते. ज्ये म्हणत्यात त्येंला जाऊन सांग."

"आक्का, अड्ड्यावर?"

"अड्ड्यावर. बाजाराच्या दिशी. समदे असत्यात तवा."

बाजाराचा दिवस यायला मध्ये चार दिवस होते. त्या चार दिवसांत मी पळून जायचाही विचार केला, हे तुमच्यापासून लपवत नाही. मास्तराची नोकरी, गावातलं नाव, सगळं डोळ्यांसमोर आलं. मग एका दुपारी, येडशीहून बैलांनी ओढून दारात आणलेल्या बेगमचं चाक परत खोललं आणि तो लायनरचा शू काढून कागदात गुंडाळला.

अड्ड्यावर गर्दी होती. ड्रायव्हर, हमाल, टायरवाले गफूरचाचा, हात चुकला म्हणणारा तोही. मी कागद सोडून शू पानपट्टीच्या फळीवर ठेवला आणि बोललो. शाळेत चाळीस पोरांपुढं ओरडणारा मी, तिथं कुणीतरी "मोठ्यानं बोला, मास्तर" म्हणालं. सगळं बोललो. कुणी शिवी दिली नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

गफूरचाचांनी शू उचलला, बोट लावलं, वास घेतला आणि पुढच्याच्या हातात दिला. तो हातोहात फिरला. मग चाचांनी विचारलं, "मास्तर, मिस्त्री पूछे थे ना तुमकू? तब कायकू नै बोले?"

मी मान खाली घातली. चाचा सगळ्यांकडं वळून म्हणाले, "मिस्त्री का हात साफ था. सुन लिया? आज के बाद कोई बोलना नक्को." हात चुकला म्हणणाऱ्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. तुमचं नाव तुम्हाला परत मिळालं, दाजी. अड्ड्यावर आता तुमचं नाव पूर्वीसारखंच घेतात. त्या बायकांना वाचवलंत ते आता ज्याचा त्याचा तोंडपाठ किस्सा झालाय.

आक्का मागं उभी होती, ते मला नंतर दिसलं. डोक्यावरून पदर घेऊन, बाजारातल्या बायकांत. ती पुढं आली, फळीवर परत ठेवलेला शू कागदात नीट गुंडाळला आणि काखेत धरून निघाली. मी मागं गेलो. ती वळली नाही.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. तिचं बरोबर आहे. लहानपणापासून आमची भांडणं अशीच, ती तोंड मिटून घ्यायची आणि मी उंबऱ्यावर घुटमळत राहायचो. तुमचं लग्न झाल्यावर मात्र ती दिवसभराच्या वर कधी टिकली नाहीत, कारण तुम्ही मध्ये पडायचात. तिला आतून काहीतरी म्हणायचात, मला बाहेरून आवाज द्यायचात, आणि ताटं वाढायला लावायचात.

काल पुन्हा गेलो होतो. आक्कानं दार उघडलं, पाण्याचा तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि आत गेली. मी पाणी प्यायलो. बेगमकडं बघत थोडा वेळ उभा राहिलो. "आक्का, मी येतो," म्हणालो. आतून भांड्यांचा आवाज येत होता. जरा थांबलो, पण "थांबा की मास्तर, जेवून जावा" असं कुणी म्हणालं नाही.